डोळ्यात गेलं तर कुठे दाबायचं?

लीला सिस्टर गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. कळवावं असा माझा हक्कही नव्हता. सिल्वासा सोडून मला दीड वर्ष होऊन गेलं होतं. पण सोमवारी सकाळी नाशिकच्या ऑफिसात आलं की चहा येईपर्यंत मोडेम जोडायचा आणि सिल्वासाच्या कारखानदार मंडळाची आरोग्य माहितीची साइट एकदा उघडून बघायची, ही माझी जुनी खोड. त्या सोमवारीही उघडली. फोनच्या तारेतून येणारा फोटो एकदम दिसत नाही, वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो. आधी काळी चौकट उतरली. मग झेंडूचा हार. मग मधोमध काढलेला भांग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पांढरे झालेले केस... भांग बघूनच मी ओळखलं. कपाळ उतरलं, चष्मा उतरला, आणि खाली ओळ आली, ‘आमच्या मायाळू परिचारिका लीला सिस्टर यांना मंडळाच्या वतीने भावपूर्ण श्रद्धांजली.’

मायाळू! या मंडळातल्या कुणी सिस्टरांना हयातीत मायाळू म्हटल्याचं मला आठवत नाही. भांडकुदळ म्हटलं होतं. हद्दीबाहेर बोलणारी बाई म्हटलं होतं, तेही लेखी, जावक क्रमांक घालून. तरी तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. गेलेल्या माणसाबद्दल सगळेच बरं बोलतात. पण थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की हा फोटो जिथे लावलाय तिथे आदल्या सोमवारपर्यंत एक लाल पट्टी होती. ‘अपघात झालाय? इथे दाबा.’ साइटवर सगळ्यात वर, कुणालाही दिसेल अशी. त्या एका पट्टीसाठी ही बाई सात महिने भांडली होती. मंडळाने ती काढली आणि त्या जागी तिचाच फोटो लावला. मी खाली खाली सरकत गेलो. तीन पडदे उलटल्यावर, पदाधिकाऱ्यांच्या यादीच्याही खाली, ती पट्टी सापडली. खरं सांगायचं तर त्या सकाळी मला रडू आलं नाही, डोकं फिरलं. आज इतक्या आठवड्यांनी लिहायला बसलोय तरी ते ठिकाणावर आलेलं नाही, तेव्हा वाचकांनी हा लेख तसाच वाचावा.

मी सिल्वासाला गेलो तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. करात सवलत म्हणून रोज नवा कारखाना उभा राहत होता आणि आमच्यासारखी नाशिक-पुण्याकडची शिकलेली पोरं वापी स्टेशनावर उतरून जीपमध्ये कोंबून घेत तिकडे जात होती. राखोलीला, दमणगंगेच्या पुलापासून थोडं आत, सूत रंगवण्याचा आमचा कारखाना होता. मी कम्प्युटर सेक्शनला. दाराबाहेर चपला काढून आत जायचं, एसीत बसायचं आणि पगारपत्रकं छापायची. समोरच्याच खोलीत प्रथमोपचार केंद्र, आणि तिथे लीला सिस्टर. शहाद्याकडच्या. धुळ्याला नर्सिंग शिकलेल्या, आमच्या आधी काही वर्षं इथे आलेल्या. पहिल्याच आठवड्यात प्रिंटरच्या पत्र्याने माझा अंगठा कापला आणि मी त्यांच्या दारात उभा राहिलो. टेबलावर छापील फॉर्म होता, नाव, टोकन नंबर, खातं, शिफ्ट. मी खिशातलं पेन शोधायला लागलो तर त्यांनी माझा हात धरून नळाखाली घातला आणि विचारलं, ‘काय व्हयनं?’ काय झालं, हे विचारणारा खानदेशातला हा प्रश्न मला तोवर ऐकूनही माहीत नव्हता. फॉर्म त्यांनी शेवटी भरला, पट्टी बांधून झाल्यावर, माझ्याशी गप्पा मारत.

त्यांच्या औषधांच्या कपाटाची एक गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती. सिस्टर येण्याआधी त्या कपाटात बाटल्या इंग्रजी नावांच्या क्रमाने लावलेल्या असत, स्टॉकच्या रजिस्टरप्रमाणे. सिस्टरांनी आल्या आल्या ते सगळं खाली काढलं आणि दुखण्याप्रमाणे लावलं. भाजल्याचा कप्पा, कापल्याचा कप्पा, डोळ्याचा कप्पा, पोटाचा कप्पा. आपण जेवायला गेलो आणि मागे कुणाला लागलं तर त्याला औषधाचं नाव कुठून ठाऊक असणार, हा त्यांचा साधा हिशेब. तपासणीला आलेल्या साहेबांना रजिस्टर आणि कपाट जुळेना. ते वैतागून म्हणाले, ‘सिस्टर, रजिस्टरप्रमाणे लावायला काय होतं तुम्हाला?’ त्यावर यांचं उत्तर, ‘रजिस्टरला काही लागत नाही, साहेब. माणसाला लागतं.’ साहेबांनी शेरा मारला. कपाट मात्र तसंच राहिलं.

नव्वदचं दशक संपत आलं तसं इंटरनेटचं वारं आमच्याकडेही आलं. वापीचा फोन एसटीडी लावून जोडायचा, दोन वेळा लाइन तुटायची, तिसऱ्यांदा लागायची. कारखानदार मंडळाच्या सेक्रेटरीसाहेबांनी मुंबईत कुठेतरी कुणाची तरी साइट बघितली आणि ठरवलं की आपल्या कामगारांसाठी आरोग्य माहितीची साइट काढायची. काम माझ्याकडे आलं. मी एका जाड पुस्तकातून साइट बनवायला नुकताच शिकलो होतो, आणि शिकलेलं सगळं त्या एकाच साइटवर ओतलं. कोपऱ्यात गरगर फिरणारा लाल क्रॉस. खालून पळत जाणारी अक्षरं. निळ्यावर पिवळे मथळे. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कम्प्युटरवर उमटत नसत, म्हणून एकेक ओळ चित्र करून चिकटवली. पहिल्या पानावर काय हवं त्याची यादी सेक्रेटरीसाहेबांनी दिली होती. अध्यक्षांचे मनोगत, मंडळाची स्थापना, पदाधिकारी, छायाचित्रे, आणि सगळ्यात शेवटी आरोग्य विभाग. त्या विभागाच्या आत नेत्ररोग, त्वचारोग, अस्थिरोग, अशी मोठ्या इस्पितळाच्या फलकासारखी रांग. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मी घरी पत्र लिहिलं की माझी साइट जगभर दिसते.

उद्घाटनाला मॉनिटरला रिबीन बांधली आणि कीबोर्डवर नारळाचं पाणी सांडलं. प्रत्येक कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खोलीत, साइटची एकेक प्रत कम्प्युटरवर घालून दिली, लाइन नसली तरी उघडावी म्हणून. इथवर सगळं कौतुकाचं. पण पंधरा दिवसांत आमच्या कारखान्यात एक परिपत्रक निघालं. प्रथमोपचाराची माहिती आता संगणकावर सदैव उपलब्ध असल्यामुळे रविवारी, म्हणजे सिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी, बसणाऱ्या कंपाउंडरची गरज उरलेली नाही. सिस्टर ते परिपत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. चपला न काढता आत आल्या, असं त्या एकदाच वागल्या. म्हणाल्या, ‘अनिलभाऊ, तुझा कम्प्युटर पट्टी बांधतो का रे?’ मी हसलो. त्यांचा प्रश्न मला विनोदी वाटला... त्या हसण्याची आजही लाज वाटते.

मग तो रविवार. दिलीप नावाचा साक्रीकडचा मुलगा डाइंगमध्ये होता, विशीतला, नवीन लग्न झालेला. दुपारच्या शिफ्टला पाइपाचा सांधा सुटला आणि कॉस्टिकची पिचकारी त्याच्या तोंडावर उडाली. कॉस्टिक म्हणजे सूत रंगवण्याआधी वापरतात तो जहाल खार. कातडी सोलतो, डोळ्याचं तर विचारूच नका. तो डोळे धरून केंद्राकडे धावला. केंद्राला कुलूप. तिथून टाइम ऑफिसला. तिथला क्लार्क प्रामाणिक माणूस, परिपत्रक पाठ असलेला. त्याने दिलीपला खुर्चीवर बसवलं, ‘थांब, बघतो’ म्हणाला आणि माझी साइट उघडली. अध्यक्षांचे मनोगत. पदाधिकारी. छायाचित्रे. तो दाबत गेला, मागे येत गेला, परत दाबत गेला. कुणीतरी दिलीपच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. पाण्याचा नळ त्या खुर्चीपासून बारा पावलांवर होता. नंतर मी स्वतः मोजली. शेवटी कुणाला तरी जीप आठवली आणि त्याला वापीला नेला. डावा डोळा राहिला. उजवा गेला.

सोमवारी सकाळी सिस्टर माझ्या टेबलापाशी आल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त भयंकर होतं. म्हणाल्या, ‘डोळ्यात कॉस्टिक गेलं. दाखव, कुठे दाबायचं?’ मी दाखवलं. आरोग्य विभाग, मग विशेषज्ञ, मग नेत्ररोग, मग इतर, मग रासायनिक इजा. पान उघडलं. वर डोळ्याच्या रचनेची आकृती, खाली तिच्या भागांची संस्कृत नावं, त्याखाली इजांचे प्रकार, आणि तळाला शेवटच्या ओळीत ‘इजा झालेला डोळा भरपूर पाण्याने धुवावा.’ सिस्टरांनी शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, ‘तुला पटकन सापडलं?’

‘मीच केलंय ना सिस्टर, मला ठाऊक असणारच.’

‘मग तुझ्यापुरतं छान झालंय,’ त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्या वेळी कुणी माझ्यावर खटला भरला असता तर मी सुटलो असतो. माहिती साइटवर होती. तळाला होती, पण होती. मंडळानेही नेमकं हेच उत्तर दिलं. चौकशीत लिहून आलं की माहिती उपलब्ध होती, संबंधित कर्मचाऱ्यास ती शोधता आली नाही. म्हणजे दोष त्या बिचाऱ्या क्लार्कचा! कुलूप कुणी लावायला सांगितलं, नळाकडे बोट दाखवणारा माणूस कुणी काढला, याची एक ओळ नाही. सिस्टर तो कागद वाचून मला म्हणाल्या, ‘लपवलेलं आणि न सापडणारं, यात मरणाऱ्याला काय फरक रे?’ मग म्हणाल्या, ‘तू परत कर. मी माणसं आणते.’

माणसं आणते म्हणजे काय, ते मला शिफ्ट सुटल्यावर कळलं. रोज संध्याकाळी त्या एकेकाला घेऊन यायच्या, कम्प्युटरसमोर बसवायच्या आणि एक संकट सांगायच्या. पहिली आली वनिता, पॅकिंगमधली, खेरडीची. माऊस म्हणजे काय ते तिला दोन मिनिटांत शिकवलं. सिस्टर म्हणाल्या, ‘तुझ्या जावेला शेतात साप चावला. काय करायचं ते यात आहे. काढ बघू.’ वनिताने पडदा नीट न्याहाळला. पहिल्या पानावर कोट-टाय घातलेल्या अध्यक्षांचा फोटो. तिने बाण नेऊन त्यांच्या छातीवर दाबला. मनोगत उघडलं. तिने मला विचारलं, ‘हेच डॉक्टर ना?’ मी सांगायला तोंड उघडलं तोच सिस्टरांनी माझं मनगट दाबून धरलं. ‘गप. बोलायचं नाही. तू जाणार आहेस का तिच्या शेतात सांगायला?’ मी बघत राहिलो. वनिता दाबत राहिली, चुकत राहिली, घामेजली, आणि शेवटी ओशाळून म्हणाली, ‘मी अडाणी ना बाई, मला नाही जमत.’ सिस्टर तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, ‘तू नाही गं चुकली. हा चुकला,’ आणि माझ्याकडे बोट केलं. माझ्या कामाबद्दल इतकं खरं मला कुणी कधी ऐकवलं नव्हतं.

असे महिनाभर लोक आले. मी गप्प बसायचो आणि कोण कुठे अडतंय ते लिहून घ्यायचो. नेत्र कुणी शोधत नव्हतं, सगळे डोळा शोधत होते. सर्पदंश कुणी म्हणत नव्हतं. दाह म्हणजे काय ते विचारलं तर एकजण म्हणाला, रात्र झाली असेल, दहा वाजले असतील. सिस्टर बस स्टँडवर, चहाच्या टपरीवर, रेशनच्या रांगेत कान देऊन शब्द गोळा करायच्या. मराठी माणूस चटका बसला म्हणतो, गुजराती दाझ्यो म्हणतो, उत्तरेकडचा जल गया म्हणतो, तिन्ही पाहिजेत असा त्यांचा हट्ट. दिलीपही आला. काळा चष्मा लावून, बायकोचा हात धरून. मला वाटलं तो मला शिव्या देईल, मी त्यासाठी तयारही होतो. त्याने साइट बघितलीच नाही. एवढंच म्हणाला, ‘मला काही वाचायचं नव्हतं साहेब. कुणीतरी नुसतं पाणी म्हणायला पाहिजे होतं.’

नवी साइट आम्ही त्या वाक्यावर बांधली. पहिल्या पानावर एकच प्रश्न, ‘काय झालंय?’ त्याखाली आठ मोठे चौकोन. डोळ्यात गेलं. भाजलं. कापलं. साप-विंचू चावला. विषारी पोटात गेलं. चक्कर आली. छातीत दुखतंय. श्वास कोंडतोय. प्रत्येकाच्या खाली तेच गुजरातीत आणि हिंदीत. चौकोन दाबला की पहिली ओळ हात-पाय हलवायची, समजावणी मागून. डोळ्याच्या पानावर लिहिलं, ‘पाणी. आत्ताच. डोळा उघडा धरून वाहत्या नळाखाली वीस मिनिटं. मग दवाखाना.’ फिरता क्रॉस मी स्वतःच्या हाताने काढून टाकला. अध्यक्ष, पदाधिकारी, छायाचित्रं सगळी तळाला एका बारीक शब्दात गेली, ‘मंडळ’. चार महिन्यांनी शेजारच्या कारखान्यात असाच एक मुलगा ॲसिड उडून टाइम ऑफिसात आला. क्लार्कने एकदा दाबलं, पहिली ओळ वाचली आणि त्याची मान धरून त्याला नळाखाली घातला. दोन्ही डोळे शाबूत. सिस्टरांनी मला येऊन हे सांगितलं तेव्हा मला वाटलं आता तरी शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, ‘चक्करचं पान अजून कुणाला कळत नाही. उद्या परत बसू.’

आणि मग मंडळाचा वार्षिक समारंभ आला. बाहेरून पाहुणे आलेले. मोठ्या पडद्यावर साइट लावली. पाहुण्यांना दिसलं ते हे, की एक प्रश्न आणि आठ चौकोन. सेक्रेटरीसाहेबांचं तोंड पडलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘अहो, आपली साइट गरीब दिसते.’ गरीब! जिच्यामुळे एका मुलाचे डोळे वाचले ती साइट गरीब दिसते, आणि जिच्यामुळे एकाचा गेला ती श्रीमंत होती. मी हे त्यांना बोललो नाही. मला नाशिकची नोकरी लागत होती, घरी आईची तब्येत ठीक नव्हती, मी राजीनामा खिशात घालून फिरत होतो. मी निघून आलो. ही माझी बाजू आहे आणि ती चांगली नाही. माझ्यामागे मंडळाने मुंबईच्या लोकांना काम दिलं आणि साइटचं नूतनीकरण झालं. म्हणजे फोटो वर आले.

एका रविवारी सिस्टरांचा बूथवरून फोन आला. मागे टेंपोचे आवाज. ‘प्रश्न काढला रे त्यांनी,’ एवढंच त्या म्हणाल्या. पुढचे सात महिने त्यांनी पत्रं लिहिली. उत्तरादाखल मेमो मिळाला, आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरील विषयात लक्ष घालू नये. शेवटी मंडळाच्या बैठकीला त्या न बोलावता गेल्या. तो किस्सा त्यांनी मला फोनवर सांगितला तेव्हा पहिल्यांदाच मी त्यांना हसताना ऐकलं. भर बैठकीत अध्यक्षांपुढे कम्प्युटर सरकवून त्या म्हणाल्या, ‘साहेब, तुमच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात ॲसिड गेलंय. काय करायचं ते शोधा. बाकीच्यांनी बोलायचं नाही.’ आणि मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं. अध्यक्ष आधी हसले, मग गंभीर झाले, मग लाल झाले. चार मिनिटं दाबत होते. सेक्रेटरीसाहेब मदतीला पुढे झाले तर सिस्टरांनी त्यांना हाताने मागे सारलं. चार मिनिटांनंतर अध्यक्षांनी काय दाबलं असेल? स्वतःचाच फोटो! त्या दिवशी ती लाल पट्टी मंजूर झाली. आठ चौकोन नाही, प्रश्न नाही, फक्त एक पट्टी. ‘चला, वरती तरी आली,’ सिस्टर म्हणाल्या.

तीच पट्टी त्यांच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी खाली गेली.

मी मंगळवारी पेठ-कपराडामार्गे सिल्वासाला गेलो. क्वार्टरमध्ये सिस्टरांचे यजमान एकटेच बसले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी सांगितलं की त्या सकाळी ड्यूटीला निघाल्या होत्या, चपलेत पाय घालता घालता उंबऱ्यावर बसल्या आणि परत उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. ‘आठवडाभर छातीत दुखत होतं म्हणे. शेजारणीला बोलली, मला नाही,’ अण्णा म्हणाले. ‘जगाला विचारत फिरली काय होतंय म्हणून. तिला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही भाऊ. ती सिस्टर ना!’ मी त्यांचा हात धरून बसलो. त्या क्षणी मला सिस्टरांचाही राग आला. छातीत दुखतंय या पानाची पहिली ओळ त्यांनीच मला सांगितली होती, ‘थांबू नका, लाजू नका.’

तिथून मंडळाच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरीसाहेबांनी चहा मागवला. मी म्हटलं, ‘साहेब, तो फोटो तिथून काढा.’ ते खरंच दुखावले. ‘अहो, श्रद्धांजली आहे ती! मान दिलाय आम्ही. अध्यक्षांचा फोटो खाली घेऊन त्यांचा वर लावलाय.’

‘मान द्या ना. भिंतीला लावा, रस्त्याला नाव द्या. पण त्या पट्टीच्या जागी नको.’

‘पट्टी आहेच की खाली. माहिती उपलब्ध आहे.’

ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं उच्चारलं, चौकशीच्या कागदावरचं. त्यांना आठवतही नव्हतं. मी चहा न पिता उठलो. नंतर कळलं की फोटो महिनाभर राहिला आणि मग नव्या सभागृहाच्या भूमिपूजनाचा फोटो त्या जागी आला. पट्टी अजून तिसऱ्या पडद्याखालीच आहे. कुणाला शंका असेल तर उघडून बघावी.

परतीच्या बसला अवकाश होता म्हणून राखोलीला जुन्या कारखान्यात गेलो. टाइम ऑफिसात आता नवा क्लार्क होता, तो जेवायला गेलेला. गेटवरचा वॉचमन तेवढा बसला होता, नंदुरबारकडचा, सिस्टरांना मानणारा. कम्प्युटर बंद होता. त्याच्या शेजारी भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, एक छापील कागद डकवला होता. वर ‘काय झालंय?’ आणि खाली आठ चौकोन, प्रत्येकात पहिली ओळ. माझीच अक्षरं, माझाच चौकोनांचा निळा रंग. हे पान मंडळाने कधीच पुसून टाकलं होतं. ते असं इथे असेल याची मला कल्पना नव्हती. कोपरे तेलकट झाले होते, आणि डोळ्याच्या चौकोनावर इतकी बोटं टेकून गेली होती की ‘पाणी’ हा शब्द पुसट झाला होता. कुणीतरी बॉलपेनने तो परत गिरवला होता, एकदा मराठीत, एकदा गुजरातीत.

‘हा कुठून आला?’ मी विचारलं.

‘सिस्टरनी लावला ना. सगळ्या कंपन्यांत लावलाय त्यांनी, पुलाच्या अलीकडे, पलीकडे,’ वॉचमन म्हणाला. ‘मळला का नवा आणून द्यायच्या. सुट्टीच्या दिवशी पायी फिरायच्या त्या, पिशवीत कागद घेऊन.’

अण्णांना दाखवावा, आपल्याजवळ ठेवावा, असं काहीतरी मनात येऊन मी कागदाचा एक कोपरा नखाने सोडवायला लागलो. वॉचमन खुर्चीवरून उठला. आवाजात आदर होता, पण त्याने माझा हात बाजूला केला.

‘पहिले नवा आना साहेब,’ तो म्हणाला, ‘मंग हा काढा.’